पासपोर्टवर हसायचं नसतं

लेक अजून पाच वर्षांची व्हायची होती, पण तिच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. त्यातल्या फोटोत ती वीस दिवसांची आहे. डोळे किलकिले, मुठी आवळलेल्या, डोक्यावर नावालाही केस नाहीत. विमानतळावरचा प्रत्येक अधिकारी आधी तो फोटो बघायचा, मग तिच्याकडे बघायचा आणि शेवटी माझ्याकडे असा बघायचा, की मी कुणाची तरी पोर पळवून चाललोय.

नव्या फोटोसाठी शुक्रवार ठरला. त्या सकाळी बायको इथल्या, आखातातल्या फाहाहीलच्या मासळी बाजारात गेली. ती मालवणची आणि मी सोलापूरचा, त्यामुळे मासे निवडायचं काम ती माझ्यावर सोपवत नाही. मुलगी मात्र सोपवली.

"दोन तासांत येते," ती म्हणाली. "तिला आंघोळ घाल, निळा फ्रॉक घाल, केस विंचरून ठेव. आल्यावर फोटोला जाऊ. एवढंच काम आहे."

आंघोळ झाली, फ्रॉकही झाला. केस विंचरण्याआधी घोटभर चहा घ्यावा म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. घर अगदी शांत होतं. चार वर्षांच्या मुलीच्या घरात शांतता म्हणजे धोक्याची घंटा, हे मला माहीत असायला हवं होतं. मी मात्र त्या शांततेत दुसरा कप ओतून घेतला.

तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. हातात माझी मिशा कापायची कात्री, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान.

"खलास, बाबा!" तिने जाहीर केलं. हा शब्द नर्सरीतून घरी आला आणि आता आमच्याकडे जेवण, आंघोळ, रडणं, सगळं खलास होतं. त्या दिवशी कपाळावरची झुलपं खलास झाली होती. डाव्या बाजूला भुवईपर्यंत केस होते, उजव्या बाजूला अर्धं बोट, आणि मधोमध एक खुंट तेवढा उभा.

"अगं, हे काय केलंस?"

"आई म्हणाली ना, फोटोत डोळे दिसले पाहिजेत." मग ती इंग्रजीवर गेली. खात्रीची गोष्ट सांगायची असली की ती इंग्रजीवरच जाते. "नाऊ आय कॅन सी, बाबा."

मी तो खुंट पाण्याने बसवून पाहिला. उठला. खोबरेल तेल लावलं, तर तो उभा राहून चमकायलाही लागला. पिना शोधत होतो, तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं.

बायकोने सुरमईची पिशवी खाली ठेवली. मुलीकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कात्री कुठे होती?"

"बेसिनवरच्या कपाटात."

"तिचा हात पोचतो तिथे?"

पोचत होता. गेल्या महिन्यापर्यंत ब्रश घ्यायलासुद्धा तिला स्टूल लागायचं. ते स्टूल ती कधीपासून घेईनाशी झाली, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. मुलं वाढतात ती आपल्याला अशीच कळतात. आधी काहीतरी नुकसान होतं, मग उंची लक्षात येते.

फोटो पुढे ढकलावा असं मी सुचवलं. "केस वाढायला तीन महिने लागतील," बायको म्हणाली, "तोवर पासपोर्ट राहील का?" मग आम्ही अबू हलीफाच्या घरून थेट फरवानियाला निघालो. तिथल्या एका स्टुडिओतले फोटो कधी नापास होत नाहीत, असं माझ्या ऑफिसमधल्या एकाने छातीठोक सांगितलं होतं. वाटेत बायको एक अक्षर बोलली नाही. मागच्या सीटवरून मात्र सतत बोलणं चालू होतं.

स्टुडिओवाले चाचा हैदराबादचे, साठीच्या पुढचे. त्यांनी लेकीचं डोकं नीट न्याहाळलं. मी सारवासारव करायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "अच्छा किए साब. माथा खुलाच होना. लोगां बाल आंखों पे लेके आते, मैं पिना लगा लगा के थक जाता."

लेकीने आईकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पण वेगळ्या मुद्रेने.

खरी पंचाईत पुढेच होती. चाचांनी तिला पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवून कॅमेरा उचलला, आणि ती बत्तीस नाही तरी असतील नसतील तेवढे सगळे दात काढून हसली.

"हंसना नहीं, बेटा. मुंह बंद."

तिला हे पटेचना. जन्मल्यापासून आम्ही तिला एक गोष्ट इमानेइतबारे शिकवली होती: मोबाईल वर झाला की हसायचं. ती माझ्याकडे वळली.

"का नाही हसायचं?"

"पासपोर्टवर हसायचं नसतं."

"पासपोर्ट रागावतो?"

"हो."

हे ऐकून तिला आणखीच हसू आलं. चाचांनी तोंड मिटायला सांगितलं, तर तिने डोळेही मिटले. डोळे उघडायला सांगितले, तर त्यांच्याबरोबर तोंडही उघडलं. मी म्हटलं, दोडक्याची भाजी आठव. तिने जीभ बाहेर काढली. बायकोने डोळे वटारले, तर ती "आई, यू लुक फनी" म्हणून स्टुलावरून घसरली. बाहेर बाकावर तीन माणसं खोळंबली होती. चाचांनी चष्मा काढून पुसला.

"साब, आप बैठो," ते म्हणाले. "बच्ची को दिखाओ."

मी स्टुलावर बसलो. आता काय करायचं ते कुणी सांगण्याआधीच लेक पुढे आली आणि तिच्यात तिची नर्सरीची टीचर संचारली.

"बाबा, सिट स्ट्रेट. हात खाली. तोंड बंद." तिने माझी हनुवटी धरून सरळ केली, केसांवरून हात फिरवला, चष्मा काढून घेतला. मला हसू फुटलं. "नो लाफिंग!" ती गरजली, दोन पावलं मागे सरकली आणि मी खरंच नीट बसलोय का, हे बघत उभी राहिली. आता तिचेच ओठ मिटलेले, नजर समोर, मान ताठ.

चाचांनी गुपचूप एक पांढरा पुठ्ठा उचलून बायकोच्या हातात दिला. बायको चवड्यांवर लेकीच्या मागे गेली आणि पुठ्ठा धरून खाली बसली. चाचा कॅमेरा घेऊन माझ्या खांद्याशी वाकले. खटक.

"खलास," चाचा म्हणाले.

फोटो पाहून गाडीत बायको पहिल्यांदा हसली. "ही तर शाळा तपासायला आल्यासारखी दिसते," ती म्हणाली, आणि मी माफ झालो.

पुढच्या आठवड्यात आम्ही पासपोर्टचा अर्ज द्यायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फोटो पास केला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. "बच्ची का अंगूठा लगेगा."

"मला नाव येतं," लेक म्हणाली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाव तिला येत होतं, पण फ्रिजवर, भिंतीवर, हातभर मोठं. इथली चौकट जेमतेम दोन बोटांची होती. बाईंनी मानेनेच होकार दिला आणि पेन दिलं. मी तिला उचलून धरलं. तिने जीभ दातांत धरली आणि पेन इतकं दाबून धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली. एकेक अक्षर उमटत गेलं. शेवटचं अक्षर उलटं पडलं, पण पाचही अक्षरं चौकटीत मावली.

"उलटं आहे," मी बायकोच्या कानात म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

लेकीने पेन काही खाली ठेवलं नाही. "आणखी कुठे करू?" तिने बाईंना विचारलं. बाईंनी हसून एक रद्दी कागद तिच्यापुढे सरकवला. ती काउंटरच्या कडेला उभी राहून तो भरायला लागली, आणि तो भरेपर्यंत आम्ही दोघं बाजूच्या खुर्च्यांवर बसून राहिलो.