पातेल्यात आटवलेलं पाणी

कुठलीही नवी बाटली हाती आली की आमचे शेजारी काका ती आधी उन्हात धरत, मग उलटी करत आणि शेवटी माझ्यापुढे सरकवत. "पोरा, वाच. आत काय घातलंय?" आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. त्यामुळे अख्ख्या गल्लीची लेबलं वाचायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता.

काका मूळचे निफाडचे, सातपूरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघणारा.

मे महिन्यात त्यांच्या मुलानं इलेक्ट्रोलाइटवाल्या महागड्या पाण्याचा खोका आणला. काकांनी त्यातली एक बाटली पातेल्यात ओतून गॅसवर आटवली. शेजारच्या पातेल्यात बोअरचं पाणी. बोअरच्या तळाशी पांढरा थर बसला, बाटलीच्या तळाशी जेमतेम डाग.

"बघ! आपल्या बोअरमधी जास्त ताकद हाय."

"काका, तो चुना आहे."

"चुना तर या खोकेवाल्यानं लावलाय!"

त्याच आठवड्यात काकूंना जुलाब लागले. दुपारपर्यंत त्यांना उठवेना. मुलगा कामावरून फोनवर सांगत होता, "आई, त्या बाटल्या पी, इलेक्ट्रोलाइट आहे त्यात." काकूंनी प्यायल्या. डोळे खोल गेले ते गेलेच.

काका बाटली घेऊन माझ्या दारात आले. "नीट वाच रे."

बारीक अक्षरांत लिहिलं होतं, क्षार चवीपुरते.

"चवीपुरते?" ते पायरीवरच बसले.

साध्या दिवशी साधं पाणी पुरतं आणि आजारात ही बाटली पुरत नाही. मग ती घ्यायची कशासाठी?

डॉक्टरांना फोन करून मी मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणली. काकांना तिचाही संशय. "एवढी स्वस्त कशी?" पुडी पाण्यात कालवून आधी स्वतः घोटभर प्यायले. मग काकूंच्या उशाशी बसून चमच्या-चमच्यानं पाजत राहिले. मी उठलो की माझा हात धरत. "थांब. ती बोलत नाय अजून."

दिवेलागणीला काकूंनी डोळे उघडले. "अहो, किती वेळ माझं तोंड बघत बसणार? पोराला चहा तरी विचारला का? का तो पण हुंगून बघताय?"

काका जागचे हलले नाहीत. चमचा हातात तसाच.

"बोल," ते म्हणाले. "लय बोल."