गोधडी विमानात राहिली

भाऊ गेला, म्हणून आता लिहितो. तो असताना घरात हा विषय काढायची सोय नव्हती.

सेनगावकडच्या एका जमीनदाराच्या विमानात तो पेट्रोल भरायचा. एकावर एक पंख, मागेपुढे दोन उघड्या बैठका, असं ते जुनं विमान. मालक स्वतः उडवायचे. उतरायला गावाबाहेरचा गवताळ माळ.

भाऊ वरच्या पंखातल्या टाकीशी चढे आणि नरसाळ्यात मऊ कातडं बसवून पेट्रोल गाळे. कातड्यातून पेट्रोल जातं, पाणी वर राहतं. पाणी आत गेलं तर विमान आभाळातच बंद पडायचं.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात वहिनी बाळंत झाली. मूल गेलं, आणि तिचा ताप उतरेना. कयाधू नदीला पूर होता. हिंगोलीला गाडी जाईना. मालक भावाला म्हणाले, "काहून रडून राहिला? सकाळी टाकी भर. तुझ्या बायकोला हैदराबादच्या दवाखान्यात मी नेतो."

सकाळी भावानं आमची एकुलती धड गोधडी पुढच्या बैठकीत अंथरली आणि पेट्रोल गाळायला घेतलं. वहिनी बैलगाडीत आईच्या मांडीवर होती. मला हळूच म्हणाली, "भाऊजी, जत्रेला कधी नेलं न्हाई तुमच्या भावानं. आता एकदम आभाळातून धाडून राहिले."

"बोलू नको," भाऊ वरून म्हणाला, "थेंब जाईल आत."

मालक आले, मागे बसले. कुणाला न्यायचं असलं की आधी ते माळावर एक फेरी मारून गवत किती ओलं आहे ते बघत. तसंच म्हणाले, "फेरी मारून येतो, मग बसव तिला."

भावानं हातानं पंखा फिरवला. चाकांखालचे ठोकळे त्यानंच ओढले.

विमान माळाच्या टोकाला गेलं. तिथं मालकांचा गडी उभा होता. त्यानं एक ट्रंक उचलली आणि पुढच्या बैठकीत, आमच्या गोधडीवर ठेवली. विमान वळलं, धावलं, उठलं.

"एक घिरटी घालतील," भाऊ म्हणाला. "घालतात ते."

त्यानं वहिनीला गाडीतून उतरवून दोन्ही हातांवर धरलं, मालकांचा खोळंबा नको म्हणून. विमान दक्षिणेकडे बारीक होत गेलं. निजामाचं राज्य राहत नाही अशी कुजबुज गावात होती. आम्ही ती मालकांशी जोडली नव्हती.

"येऊन राहिलं का?" वहिनीनं विचारलं.

"व्हय," भाऊ म्हणाला. आवाज केव्हाच थांबला होता.

परत येताना तिला हुडहुडी भरली. पांघरायला काही नव्हतं. भावानं अंगातला सदरा काढून तिच्यावर घातला. सदऱ्याला पेट्रोलचा वास येत होता, आणि त्या वासानं तिला एरवी मळमळायचं.

"काढू का?" त्यानं विचारलं.

"असू द्या," ती म्हणाली. घर येईपर्यंत तेवढंच बोलली. दिवस मावळायच्या आत गेली.