रे रोडच्या फाटकापाशी बंद पडणारी गाडी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. गाडी बंद पडली की फिल्टर बघायचा, पंप बघायचा — लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी टरच उडवायचो. तरीही हे लिहितोय… कुणाला उलगडा झाला तर कळवा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. गिरगावातलं आमचं घर कारकुनांचं. मी पक्की नोकरी सोडून मावसभाऊ अनंताबरोबर भागीत डिझेलवरचा जुना पिकअप घेतला. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. रे रोडच्या वखारींतून लाकूड उचलायचं, गिरगाव-दादरच्या सुतारांकडे पोचवायचं. सगळी मदार गाडीच्या इंजिनातल्या डिझेल पंपावर. तो जळाला तर नवा घ्यायची ऐपत नव्हती, धंदाच बसला असता. म्हणून पिंपातलं डिझेल मऊ चामड्याच्या फडक्यातून गाळूनच टाकीत जायचं. ते काम अनंताचं. हरताळ असला की गाडी उभी, मी सभेला निघालो की हा पठ्ठ्या म्हणायचा, "तू जा रे, मी टाकी, फिल्टर साफ करून ठेवतो." मला केवढं कौतुक त्याचं! चारचौघांत सांगायचो.

मग गाडी बंद पडू लागली. एकाच ठिकाणी — रे रोडला एका वखारीच्या फाटकासमोर, मी एकटा चालवत असताना. त्या वखारीशी आमचा काहीच व्यवहार नव्हता. फिल्टर उघडावा तर स्वच्छ, पंपापर्यंत डिझेल येतंय, लाइनीत हवाही शिरलेली नाही. थोडा वेळ गेला की मुकाट चालू! अनंता हसायचा, "तुला बघून लाजते बहुतेक."

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा भर दुपारी बॉनेट उघडून मी शिव्या घालत होतो, तेवढ्यात फाटकातून तिथला मुनीम आला. गाडी ओळखून म्हणाला, "क्या, आज अनंतशेठ नहीं आया? डिझेल का डब्बा लाया?"

आत गेलो… आमचेच डबे. एकावर आमचंच चामड्याचं फडकं बांधलेलं. शेजारी रॉकेलचे रिकामे डबे. हरताळाच्या दिवशी गाडी फाटकापाशी आणून आमच्या टाकीतलं गाळलेलं डिझेल इथे विकून, उरलेल्यात हा रॉकेल ओतत होता.

संध्याकाळी अनंताला विचारलं. त्याने नाकारलंही नाही.

"पंप गेला असता तर तू गुपचूप ऑफिसात परतला असतास. गाडी मी एकट्याने चालवली असती. धंदा हे तुझं काम नाही, विनू."

लहानपणापासून एका ताटात जेवलो होतो आम्ही.

घोडपदेवच्या मिस्त्रीने पंप खोलला. आतले भाग ओरखडून गेलेले. "डिझेल हेच पंपाचं वंगण, साहेब. रॉकेल पातळ, त्यात लोखंडावर लोखंड घासतं. अजून थोडी चालवली असती तर पंप बाद होता." मी फाटकाचं सांगितलं तर बघतच राहिला. "पंप बिघडला तर गाडी कुठंबी बंद पडंल. जागा बघून कशी पडंल?"

अनंता वेगळा झाला, मावशीनेही येणं-जाणं तोडलं. मी त्याच रस्त्याने वर्षानुवर्षं गेलो. फाटकापाशी मुद्दाम गाडी हळू केली, पण ती पुन्हा तिथे कधी बंद पडली नाही. तेव्हा का पडायची, ते मला अजून कळलेलं नाही.

लोक म्हणतात, गाडीने तुला वाचवलं. वाचवलं म्हणे! मला तिचाच राग यायचा. पंप जळाला असता तर मी नशिबाला बोल लावला असता, पुन्हा खर्डेघाशी केली असती… आणि ऑफिसातून आल्यावर अनंताकडे चहाला गेलो असतो.