अकरा डब्यांचा खरवस

अर्जावर अकरा सह्या होत्या. 'आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत म्हैस, शेळी व कोंबड्या पाळल्या जात असून दुर्गंधी व डासांमुळे रहिवाशांना अतोनात त्रास होत आहे', वगैरे वगैरे. मी शनिवार पेठेत वाढलेली. तुसडेपणा सभ्य शब्दांत बसवायची कला आमच्याच घरची, त्यामुळे लिहिणारी बाई कोणत्या मुशीतली आहे ते मला पहिल्या वाक्यातच कळलं. अर्ज महापालिकेत गेला होता आणि त्याची एक प्रत आमच्या फाटकावर सेलोटेपने चिकटवली होती. माझ्या सात वर्षांच्या मुलीने शाळेतून येताना ती मोठ्याने वाचून दाखवली. मग विचारलं, "आई, दुर्गंधी म्हणजे आपण का?"

त्या दिवसापासून मी त्या अकराजणांचा मनापासून द्वेष केला. काम करता करता केला, कारण बसून द्वेष करायला वेळ कुणाला होता? वारज्यातलं हे सासरचं घर, मागे गोठा आणि थोडी मोकळी जागा. सोसायटी उभी राहिली ती जमीनही एके काळी सासऱ्यांच्या चुलत्यांची. नवरा हिंजवडीला शिफ्टमध्ये. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या ओसरीवरच्या खाटेवर. घरात दोन मुलं, त्यातला धाकटा चार वर्षांचा आणि कायम नाक गळणारा. सकाळी एका हाताने वेणी घालायची, दुसऱ्या हाताने कोंबडी ओट्यावरून हाकलायची, तोंडाने पाढे म्हणून घ्यायचे. आणि या सगळ्यात ती म्हैस माझी होती. ती दीड महिन्याची असताना आणली तेव्हा मी तिला बाटलीने दूध पाजलं होतं. 'पेठेतल्या मुलीला गोठा काय जमणार' म्हणून हसणाऱ्या सगळ्या नातेवाइकांसमोर मी तिला मोठी केली होती. महापालिकेची माणसं आली असती तर पहिली तीच गेली असती.

ती पहिल्यांदा व्यायली ती नेमकी शाळेच्या वेळेला. थोरलीची एकच वेणी झाली होती, व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत होते आणि मी गोठ्यात कोपरापर्यंत भिजलेली. रेडकू नर निघालं. लोक नर म्हटल्यावर तोंड वाकडं करतात. धाकट्याला मात्र असलं काही ठाऊक नव्हतं. तो पोतं घेऊन आला, त्याचं अंग पुसायला लागला आणि त्याला 'बाळ' म्हणायला लागला. थोरली एका वेणीनेच शाळेत गेली.

सासूबाई खाटेवरून ओरडून सांगत होत्या, "दोन सडं त्याची, दोन आपली. पहिलारू हाय, चीक कमीच आसंल. नर आसला तरी पोट हाय त्याला."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. व्यायल्यावर येतो तो दाट पिवळा चीक, म्हणजे रेडकाचं पहिलं जेवण. पहिल्या दिवशी तो पोटात गेला तर ते तगतं. त्यातला उरलेला आपण घ्यायचा, खरवस करायचा आणि शेजारीपाजारी वाटायचा. विकायचा नाही, वाटायचा. सासूबाईंच्या लेखी भिंतीपलीकडचेही शेजारीच. "चार घरी तरी दे," त्या आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या.

चार नाही, मी ठरवलं अकरा. एका सहीला एक डबा. प्रत्येकाच्या दारात जाऊन, त्याच्या तोंडावर गोड बोलून, त्याला आमच्या दुर्गंधीचा खरवस खायला घालायचा. खाऊन झाल्यावर अर्जाची लाज वाटली तर वाटली, नाही वाटली तरी निदान घशाखाली आमची म्हैस गेली असती. या कल्पनेने मला इतका आनंद झाला की मी बादली घेऊन बसले तेव्हा गुणगुणत होते.

दोन सडांत पाच डबेही होईनात. मी तिसऱ्या सडाला हात घातला. मग चौथ्याला.

धाकटा रेडकाला धरून बसला होता. ते अजून धड उभं राहत नव्हतं, तोंड पुढे करत होतं. तो म्हणाला, "आई, बाळाचं?"

"त्याला नंतर," मी म्हटलं.

सासूबाईंनी विचारलं, "दोन सोडलीस न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

दूध, गूळ, वेलदोडा घालून कुकरची शिटी काढून तीन खेपांत खरवस वाफवला. झाकणं एका डब्याची दुसऱ्याला. थोरली शाळेतून आल्यावर तिला आणि धाकट्याला घेऊन निघाले. वॉचमनने कुठल्या फ्लॅटला म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला मोबाइलमधला अर्जाचा फोटो दाखवला. एकाने "अहो, एवढं कशाला" म्हणत पटकन डबा आत नेला. एकीने ऑरगॅनिक आहे का विचारलं. मी म्हटलं, "वास घेऊन बघा, तुम्हाला ओळखीचा असेल." दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, म्हणजे अर्ज जिने लिहिला ती, दार उघडून आधी डब्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांचा चेहरा पाहून माझं पोट भरलं. परत येताना मी मुलांना आइस्क्रीमसुद्धा घेऊन दिलं.

घरी आले तेव्हा रेडकू मान टाकून पडलं होतं. त्याला उचलून सडाशी नेलं, पण सडांत फारसं काही उरलं नव्हतं आणि त्याच्यात ओढायचा जोर नव्हता. संध्याकाळी मी धारच काढली नाही, सगळं त्याला सोडलं. त्याने चार घोट घेतले. तिसऱ्या दिवशी हगवण लागली. डॉक्टरांनी सुई टोचता टोचता विचारलं, "पहिल्या दिवशी पोटभर चीक पाजला होता ना?" मी पुन्हा हो म्हटलं. सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. धाकटा माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याचाही राग आला. खरं तर त्याचाच सगळ्यात जास्त.

पाचव्या दिवशी सकाळी रेडकू मेलं. नवऱ्याने रात्रपाळीवरून येऊन, न झोपता, मागच्या कोपऱ्यात खड्डा खणला. म्हैस हंबरत राहिली. थोरलीचा डबा भरायचा राहिला म्हणून तिला बिस्किटाचा पुडा दिला. धाकट्याने ते पोतं कुणाला हात लावू दिलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या. फाटक स्वतः उघडून, नाकाला रुमाल न लावता. हातात आमचा डबा, घासून लखलखीत केलेला आणि साखरेने भरलेला. आमच्या आईनेही भांडं कधी रिकामं पाठवलं नव्हतं.

"अहो, किती वर्षांनी खाल्ला असा खरवस," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी म्हशी होत्या. मी मीटिंगमध्ये सांगितलं सगळ्यांना, तो अर्ज आपण मागे घेऊ या. महापालिकेत जाऊन लिहून दिलं आज."

मी जिंकले होते. त्यांना आत बोलवावं, चहा टाकावा, एक टोमणा मारावा, यातलं काहीच मला सुचेना. मला फक्त त्यांनी लवकर जावं असं वाटत होतं.

"आणि रेडकू कसं आहे? बघू का?"

धाकटा ओसरीच्या पायरीवर पोतं घेऊन बसला होता. तो म्हणाला, "बाळ मेलं. आईने त्याचं सगळं तुम्हाला दिलं."

"काही नाही हो," मी घाईघाईने म्हटलं. "लहान आहे तो. काहीतरीच बोलतो."

धाकटा उठला आणि आजीच्या खाटेला जाऊन टेकला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाहुणीसमोर सुनेला कधी काही न विचारणाऱ्या त्या बाईने मला विचारलं, "किती सडं सोडली व्हतीस?"

बाई डबा पुढे करून तशाच उभ्या होत्या. गोठ्यात म्हैस हंबरत होती.

"एकही नाही," मी म्हटलं.