वसुधाताईंची काचेची कांडी

वसुधाताई तोंडाने डास ओढायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. दिवस नुकता उजाडत होता, मी कोपीच्या तोंडाशी चुलीवर भाकरी टाकत होते, आणि एक अनोळखी बाई आमच्या बैलांच्या आडोशाला टॉर्च घेऊन वाकली होती. तिच्या तोंडात रबरी नळी होती आणि नळीच्या पुढच्या टोकाला काचेची कांडी. पाचटाच्या कुडावर डास दिसला की ती कांडी त्याच्याजवळ न्यायची आणि अलगद श्वास आत घ्यायची. डास कांडीत. मग जाळी बांधलेल्या कागदी पेल्यात कांडी घालून हळूच फुंकर मारायची. डास पेल्यात.

शेजारच्या कोपीतल्या गयामावशींनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "डासाचीच न्याहारी करती का काय ही बाई?"

बाईने नळी तोंडातून काढली. "मावशी, मध्ये जाळी आहे. नाहीतर एव्हाना जाड झाले नसते का?"

खरंच काडीसारख्या होत्या त्या. गयामावशी हसल्या, मीही हसले, आणि त्या दिवसापासून वसुधाताई आमच्या झाल्या. निदान आम्हाला तसं वाटलं.

आम्ही पाथर्डीकडची माणसं. दिवाळी सरली की ऊस तोडायला कोल्हारच्या बाजूला येतो आणि उन्हं तापेपर्यंत उसाच्या पाचटाच्या कोप्या घालून राहतो. त्या वर्षी आमच्या कोप्या पाटाच्या अलीकडे होत्या. पलीकडे दुसऱ्या मुकादमाची टोळी उतरली होती. पाटाचं पाणी पाझरून दोन्ही अंगांना खड्ड्यांत साचायचं आणि दर हंगामात कोणी ना कोणी हिवतापाने कुडकुडत पडायचं. वसुधाताई नगरच्या एका संस्थेतून आल्या होत्या. ऊसतोडीच्या वस्त्यांवर हिवताप कसा पसरतो आणि कशाने थांबतो, याचा अभ्यास करायला.

त्या पेल्यातल्या डासांशी बोलायच्या. "ये गं बाई, ये, घाबरू नको," म्हणत एकेकीला पकडायच्या. चावते ती मादीच, नर बिचारा फुलातला रस पिऊन राहतो, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. त्यावर गयामावशी म्हणाल्या, "म्हंजी तितंबी राबायचं बाईनंच." ताई इतक्या हसल्या की हातातला पेला हिंदकळला.

हिवतापाचा डास ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. दुसरे डास भिंतीला समांतर बसतात, हा मात्र डोकं खाली आणि बूड वर करून तिरका बसतो. भांडण काढायला आल्यासारखा, असं त्या म्हणायच्या. कोणी म्हणालं की आमच्या कोपीत डासच नाहीत, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "माणसाला विचारून उपयोग नाही. डासाला विचारायचं. डास खोटं सांगत नाही." हे वाक्य त्या रोज म्हणायच्या आणि मला ते फार आवडायचं.

मला चार माणसांत बोलता येत नाही. शब्द तोंडाशी येतात आणि परत जातात. ताईंनी कधी त्यावरून मला डिवचलं नाही. मी चौथी शिकलेली आहे हे कळल्यावर त्यांनी पेल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. कोणत्या कोपीतले डास ते मी लिहायचं. अक्षर चांगलं आहे म्हणायच्या. न्याहारीला माझ्याजवळ बसायच्या, ठेचा खाताना नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी अजून थोडा मागायच्या. मला वाटायचं, शहरातल्या शिकलेल्या बाईला माझ्या हातचं आवडतं म्हणजे मी काहीतरी आहे.

बोटातून रक्त घ्यायची वेळ आली तेव्हा बायका मागे सरल्या. एकजण म्हणाली, रक्त नेऊन विकत्यात म्हणं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट पुढे केलं. त्यांनी ते आधी दोन्ही हातांत चोळून ऊब दिली, मग सुई टोचली आणि काचेवर थेंब घेतला. माझ्यामागून गयामावशी आल्या, मग सगळ्याच.

पाटापलीकडच्या वस्तीला ताईंच्या संस्थेने औषध लावलेल्या निळ्या मच्छरदाण्या दिल्या. हंगामाच्या सुरुवातीलाच दिल्या. पलीकडे माझी चुलतबहीण नंदा होती, तिच्या कोपीत मी ती बांधलेली पाहिली. आमच्याकडे मात्र आल्या नाहीत. बायकांनी ताईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, माल कमी आला आहे, येईल. बायका माझ्याकडे बघायच्या, कारण ताईंची मैत्रीण मी. मीही सांगायचे, येतील.

माझी धाकटी जाऊ शेवंता तेव्हा गरोदर होती. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस राहिले होते. नवस, दवाखाने, लोकांची बोलणी, सगळं होऊन गेलं होतं. तरी मोळ्या बांधायला यायचीच, मुकादम घरी बसू देत नव्हता. नंदा मला म्हणाली, गरोदर बाईला हिवताप वाईट, शेवंताला रात्री माझ्याकडे निजायला पाठव. पाटावर लाकडाचा ओंडका टाकलेला होता. पलीकडे जायला वेळ लागत नव्हता.

मी कधी कोणाला काही विचारत नाही. त्या दिवशी मात्र ताईंच्या मागे बैलांच्या आडोशाला गेले आणि विचारलं, शेवंताला नंदाकडे पाठवू का?

ताई कुडाकडे टॉर्च धरून होत्या. टॉर्च तशीच ठेवून म्हणाल्या, "कशाला तिला अंधारात ओंडक्यावरून पाठवता? पाय घसरला म्हणजे? चार दिवसांत तुमच्याही मच्छरदाण्या येतायत."

मी शेवंताला तेच सांगितलं. तीसुद्धा सुटल्यासारखी झाली. "ताई म्हनल्यात ना अक्का, मग ऱ्हाऊ द्या. चार दिसाचं तर हाय."

चार दिवस झाले. पुढे कितीतरी झाले. एका दुपारी उसाच्या फडातच शेवंताला थंडी भरली. उन्हात तिचे दात वाजत होते, अंगावर माझा आणि गयामावशींचा पदर टाकला तरी थांबेना. ताई धावत आल्या. रक्त घेतलं, पट्टीवर रेघ उमटली, हिवतापच. त्यांनीच जीप बोलावली. दवाखान्यापर्यंत शेवंताचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन बसल्या. तिथे डॉक्टरांना धरून आणलं. शेवंता वाचली. पोटातला मुलगा वाचला नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ताई रडल्या. मोठ्याने, लहान मुलीसारख्या. मी माझ्या पदराने त्यांचे डोळे पुसले. आमच्या माणसासाठी परकी बाई एवढी रडते, याचंच मला कौतुक वाटलं. आज ते आठवलं की तो पदर कुठे टाकू असं होतं.

मग काही दिवसांनी संस्थेचे मोठे साहेब वस्ती बघायला आले. मी चहा घेऊन मागे उभी होते. साहेबांनी आमच्या कोप्यांवर नजर फिरवली आणि ताईंना सहज विचारलं, "ही आपली बिनमच्छरदाणीची वस्ती ना? यांना हंगाम संपल्यावर द्यायच्या ठरल्या होत्या."

ताई म्हणाल्या, "हो सर. सुरुवातीपासून तशीच ठेवलीय."

मी चहा पुढे केला. ताईंनी वळून पाहिलं. मी चहा ठेवला आणि निघून आले. त्यानंतर त्या न्याहारीला माझ्याकडे आल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. चिठ्ठ्या त्या स्वतःच लिहू लागल्या.

मच्छरदाण्या आल्या तेव्हा आम्ही कोप्या मोडत होतो. ट्रकमध्ये बैल चढवणं चाललं होतं. ताई प्रत्येकीला एकेक निळी घडी देत फिरत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

मी विचारलं, "ताई, तुमाला पयल्यापासून ठावं हुतं?"

"हो."

"मग मी इचारलं तवा चार दिवस का म्हनल्या?"

त्यांनी पाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन्ही वस्त्यांची तुलना करायची होती. इकडची माणसं तिकडे झोपायला गेली, की मच्छरदाणीने ताप किती कमी होतो ते कळत नाही, कमलबाई. सगळी मेहनत वाया जाते. मुकादमांना मी पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं."

आमच्यात सगळं मुकादमालाच विचारतात. कोपी कुठे घालायची, दुखणाइताला फडावरून कधी सोडायचं, सगळं. तेव्हा त्याला सांगितलं म्हणजे आम्हाला सांगितलं असं त्यांनी धरलं. पण मुकादम गावात पक्क्या खोलीत पंखा लावून निजत होता. आणि प्रश्न मी विचारला होता, त्याने नाही.

"या अभ्यासामुळे पुढे सगळ्याच वस्त्यांना मच्छरदाण्या मिळतील," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

ते खरंही असेल. त्यांनी सगळं खरं सांगितलं असतं तरी मी बोट पुढे केलं असतं. बायकांनाही सांगितलं असतं की द्या रक्त. फक्त शेवंताला ओंडक्यावरून हाताला धरून पलीकडे नेलं असतं. एवढंच केलं असतं.

त्यांनी घडी पुढे धरली होती. मी घेतली नाही. शेवंता आली आणि तिने घेतली.

वसुधाताई मला पुन्हा भेटल्या नाहीत. पण रोज पहाटे टॉर्च घेऊन कूड बघायची त्यांची सवय मला लागली ती लागलीच. बूड वर करून बसलेला दिसला की मी मारते. ओळखायला त्यांनीच शिकवलं आहे आणि चूक होत नाही. शेवंताला आता पुन्हा दिवस गेले आहेत. ती त्याच निळ्या मच्छरदाणीत निजते. रात्री तिच्या कडा गोधडीखाली मीच खोचते.

या हंगामात आम्ही त्याच पाटाच्या काठी उतरलो आहोत. परवा सकाळी संस्थेची एक नवी मुलगी आली. हातात तशीच काचेची कांडी. मुकादम तिला घेऊन फिरत होता. ती नीट बोलणारी, हसरी होती. या वेळी कोप्यांवर औषध फवारून बघायचा अभ्यास आहे म्हणाली. बायका गोळा झाल्या. तिने विचारलं, "यात कमलबाई कोण? वसुधामॅडमनी सांगितलंय, आधी त्यांना भेट. त्यांनी बोट पुढे केलं की सगळ्या करतात."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेवंता माझ्या मागेच उभी होती. शब्द तोंडाशी आले, आणि या वेळी परत गेले नाहीत.

"मीच कमल," मी म्हणाले. "बोट देते. पन आधी सांगा, आमच्या वस्तीला औषध मारनार हाय, का आमाला नुसतं बघनार हाय?"

ती मुलगी गोंधळली आणि मुकादमाकडे बघायला लागली.

"तिकडं नगं," मी म्हणाले. "माज्याकडं बघून सांगा."