एक रविवार रस्ता बघायचा

रविवारी संध्याकाळी दाराची कडी दोनदा वाजली की तुमचे आजोबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, “जा, तुमचं पाहणी पथक आलं.” दारात वत्सला मोरे उभी असे. चौकटीला खांदा टेकवून, वाकून, ती साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं उपटत असे आणि माझ्या फरशीवर पडू नयेत म्हणून डाव्या मुठीत जमवत असे. आत ये म्हटलं तर म्हणे, “नको बाई, पाय बघा माझे.” मग सरळ उभी राहून बातमी दिल्यासारखं सांगे, “रस्ता बघून आलेय. चांगलाय.” एवढं बोलून, मूठ मिटून, ती जिना उतरून जाई. पुढच्या रविवारी आम्ही चौघी त्या रस्त्याने फिरायला जात असू.

निमिष, ईशा, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुमच्या आईला कदाचित तिची साडी आठवेल, फिक्या निळ्या रंगाची, फिरायला जायची म्हणून वेगळी ठेवलेली. तुमची आई तेव्हा शाळेत होती. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहत होतो आणि मी उल्हासनगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. वत्सला आमच्या मागच्या चाळीत तिच्या आईबरोबर राहायची. एका कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. कामाबद्दल मात्र एकदा म्हणाली होती, “दिवसभर मी लोकांची गाठ घालून देते, बाई. गाठ पडली की आपण बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही, असा नियमच आहे.”

आमची ओळख झाली ती शिवमंदिराच्या रस्त्यावर. सकाळी शाळेआधी मी तिकडे चालायला जात असे. तीही येई. मी दर्शन घेऊन बाहेर यायचे, तेव्हा ती भिंतीवरच्या कोरीव मूर्ती बघत उभी असायची. तिचं घर बौद्ध, ती हात जोडत नसे. “देवाचं तुम्ही बघा, मी दगडाचं बघते,” असं तिने पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं. मला ते आवडलं. पुढे आम्ही पुलापर्यंत बरोबर चालू लागलो. खाली वालधुनीला कारखान्यांचा रंग येई, कधी तांबडा, कधी हिरवा. एक दिवस मी म्हटलं, “या नदीला कंटाळले मी. इंग्रजी पुस्तकांत लोक सुटीच्या दिवशी उगीचच शेतांतून हिंडायला जातात. आपणही जावं.”

“उगीचच?” वत्सला म्हणाली.

“हो, काही काम नसताना.”

ती पुढच्या रविवारी संध्याकाळी कुसळं घेऊन दारात उभी. चिखलोलीच्या धरणापर्यंत एकटी जाऊन आली होती.

म्हणजे कल्पना माझी, पण शिस्त तिची. एक रविवार रस्ता बघायचा, दुसरा रविवार फिरायचा. पहिल्या रविवारी ती एकटी जाई, दुसऱ्या रविवारी आम्ही सगळ्या. आमच्या शाळेच्या शिवणाच्या शिक्षिका नलूताई आमच्यात आल्या आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीत, कापडाचं दुकान असलेल्या कमलाभाभी आल्या. नलूताईंचे गुडघे दुखत आणि त्या गुडघ्यांशी मोठ्याने बोलत. कमलाभाभी कांदा घातलेली जाड सिंधी रोटी, म्हणजे कोकी, बांधून आणत आणि पहिल्या झाडाखालीच डबा उघडत.

“भाभी, अजून गाव सुटलं नाही,” नलूताई म्हणत.

“तो क्या हुआ? भूक गावात पण लागते. अदी, तू खा. तू तर दोन टाइम चालते,” असं म्हणून भाभी पहिला तुकडा वत्सलाच्या हातात ठेवत. अदी म्हणजे सिंधीत ताई. भाभी वयाने मोठ्या होत्या, तरी वत्सलाला त्या अदीच म्हणत.

खरं तर या ‘दोन टाइम’चं आम्हा सगळ्यांनाच नवल वाटे. एकदा नलूताईंनी तिला छेडलं, “काय गं, आठ दिवसांपूर्वी तेच झाड, तोच ओढा बघून गेलीस. आता आमच्याबरोबर ‘अय्या, किती छान’ म्हणतेस. नाटकच की!”

“नाटक नाही, ताई,” वत्सला म्हणाली. “एकटीने बघितलेलं मी बघितल्यात धरत नाही.”

बदलापूरला उतरून बारवीच्या बाजूला, मलंगगडाच्या पायथ्याकडे, उल्हास नदीच्या काठाने, अशा कितीतरी वाटा आम्ही त्या वर्षांत तुडवल्या. वाट चढाची असली तर नलूताईंसाठी बसायचे दगड तिने हेरून ठेवलेले असत. आणि अर्ध्या वाटेवर कुठलं तरी एक घर ठरलेलं असे, तिथे पाणी किंवा चहा. अंगणात शिरलो की घरची बाई म्हणे, “आल्या का?” आम्हाला वाटे, किती अगत्याची माणसं! वत्सला कधी काही बोलायची नाही. पाणी पिऊन झालं की भांडं स्वतः विसळून पालथं घालायची.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एका रविवारी मलाच लहर आली. मलंगगडाच्या बाजूला वाटेला फाटा फुटला होता. उजवीकडे वत्सलाने बघून ठेवलेली वाट, डावीकडे करवंदीच्या जाळ्यांतून जाणारी सुंदर वाट. मी म्हटलं, “आज इकडून जाऊ.”

“ती बघितलेली नाही, बाई.”

“मग काय झालं? चौघी मिळून बघू. प्रत्येक वेळी तूच का बघायचं?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी चुकीचं बोलले हे मला कळलं, पण काय ते कळेना. भाभींनी “चलो, चलो” केलं आणि आम्ही डावीकडे वळलो.

वाट लांबत गेली. ऊन चढलं, बाटल्या संपल्या. शेवटी एक घर दिसलं. दारात एक म्हातारी तांदूळ पाखडत बसली होती. आम्ही पाणी मागितलं. तिने आनंदाने आत जाऊन तांब्या आणि पेले आणले. पेले भरता भरता बायका विचारतात तशी ती एकेकीचं नाव, आडनाव, गाव विचारत होती. वत्सलाने आपलं सांगितलं. कुठल्या मोरे, म्हातारीने विचारलं. वत्सलाने तेही सांगितलं, टेलिफोनवर सांगावं तसं स्वच्छ आणि सावकाश. म्हातारीने हातातला पेला खाली ठेवला. तांब्या उंच धरला आणि म्हणाली, “वंजल कर, बाय.”

वत्सलाने ओंजळ पुढे केली. तिला सवय असावी अशा सराईतपणे केली, हेच मला फार लागलं. पाणी वरून पडत होतं आणि ती पीत होती. आम्ही तिघी हातात पेले घेऊन उभ्या.

पहिल्या हलल्या त्या भाभी. त्यांनी भरलेला पेला ओट्यावर ठेवला, वत्सलाच्या शेजारी वाकल्या आणि ओंजळ पुढे केली. “माँजी, मला पण असंच दे. आम्ही कॅम्पवाले. सगळं सोडून आले तेव्हा पाणी कुणाच्या हातचं, हे विचारायला टाइमच नव्हता.”

मग नलूताईंनी आणि मी पेले खाली ठेवले. म्हातारी गोंधळून सगळ्यांच्या ओंजळीत पाणी ओतत राहिली. माझ्या कोपरांवरून ओघळ पदरात गेले.

परत फाट्यापाशी आल्यावर वत्सला थांबली. डाव्या वाटेकडे बघत म्हणाली, “म्हणून मी बघून येते.”

एवढंच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही, आम्हालाही काढू दिला नाही. पण त्या संध्याकाळी मी भात लावता लावता एकदम थांबले. दर दोन आठवड्यांनी ती येऊन सांगायची, “रस्ता बघून आलेय. चांगलाय.” जे रस्ते चांगले निघाले नाहीत, त्यांच्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. ती दारं, ती अंगणं, तिथलं बोलणं तिने एकटीने घेतलं होतं आणि कुसळांसारखं मुठीत मिटून नेलं होतं. आमच्या वाट्याला तिने फक्त “आल्या का?” म्हणणारी घरं ठेवली होती.

नंतर काय झालं? भांडण झालं नाही, कुणी रुसलं नाही. माणसं पांगतात तशी आम्ही पांगलो. नलूताईंच्या यजमानांची बदली नागपूरला झाली. भाभींच्या मुलाने बडोद्याला दुकान काढलं. जाताना भाभी वत्सलाच्या गळ्यात पडून रडल्या आणि कोकीचा तवाच तिला देऊन गेल्या. मग तुमच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि माझे रविवार त्यांच्या खाटेपाशी बांधले गेले. त्याच सुमारास वत्सलाची आई वारली.

वत्सला येतच राहिली. रविवारी संध्याकाळी कडी दोनदा वाजायची. आजोबांची वाचा गेली होती, पण ते दाराकडे बोट करून एका बाजूने हसायचे. ती चौकटीपाशी उभी राहून कुसळं काढता काढता सांगायची, “कोंडेश्वरच्या अलीकडे एक वाट आहे, बाई. मोहाची झाडं आहेत. पुढे एक घर आहे, हिराबाय म्हणून आहेत. तुम्हाला बिनसाखरेचा चहा लागतो, सांगून ठेवलंय.”

“पुढच्या वेळी बघू गं,” मी म्हणायची.

“बघू की. रस्ता काही पळून जात नाही.”

दोघींनाही माहीत होतं की जमणार नाही. तरी ती विचारायची आणि मी ‘बघू’ म्हणायची. कधी वाटायचं, तिला सांगावं की आता नको जाऊस. पण तिच्या चाळीतल्या त्या खोलीत रविवारभर बसून ती काय करणार होती? आणि खरं सांगायचं तर, आठवडाभर औषधांच्या वासात काढल्यावर तिच्या काठाला येणारा गवताचा वास मलाही हवा असायचा.

एका पावसाळ्याच्या शेवटी तिला कावीळ झाली आणि दवाखान्यातून ती परत आलीच नाही. विहारात वंदना झाली तेव्हा कारखान्यातली माणसं आली होती. त्यातला एक जण मला म्हणाला, “त्यांचा आवाज रोज ऐकायचो. चेहरा आज पाहिला.” मी आजोबांना शेजारणीवर सोपवून आले होते, फार थांबता आलं नाही.

पुढच्या वर्षी आजोबाही गेले. तुम्ही सगळे आलात, तेरा दिवस घर भरलं आणि मग विमानांच्या वेळा झाल्या. नंतर रविवार फार मोठे झाले. कडी वाजत नसे. अशाच एका रविवारी मी उठले, बदलापूरला उतरले आणि कोंडेश्वरच्या रिक्षातून अलीकडेच उतरून चालू लागले. वाट विचारावी लागली नाही. तिने तोंडी इतक्यांदा सांगितली होती की मोहाची झाडं मला ओळखीची वाटली.

घरही सापडलं. अंगणात एक बाई वाल सोलत होती. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “तुमी त्या बिनसाखरच्या मास्तरीनबाय ना?”

मी मान हलवली.

“आनि गुडघंवाल्या? नि त्या रोटीवाल्या शेठानी? मोरेबाय सांगाच्या ना तुमचं. दर खेपला यवाच्या, हितंच बसाच्या, नि बोलाच्या, पुढचे आयतवारी आमी चौघी येताव.” मग माझ्या मागे वाटेकडे बघत तिने विचारलं, “त्या कुठं हायत?”

मी सांगितलं.

हिराबायने सोललेले वाल बाजूला सारले, आत गेली आणि चहा घेऊन आली. दोन कप. माझा बिनसाखरेचा, दुसरा तिचा स्वतःचा. शेजारी बसून म्हणाली, “मी बोललेली त्यांना, बाय, तू एकलीच येतं, त्या काय येत नाय. तर हसाच्या. बोलाच्या, रस्ता तरी बघून ठेवताव.”

चहा झाल्यावर मी दोन्ही कप विसळले आणि ओट्यावर पालथे घातले. हिराबायने अडवलं नाही. तिला ती पद्धत माहीत होती.

मुलांनो, परवा तुमच्या आईचा फोन आला. यंदाही सुटी जुळत नाही, पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. मी म्हटलं, हरकत नाही. फोन ठेवला आणि रविवारी पुन्हा तिकडे जाऊन आले. हिराबायच्या सुनेला सांगून ठेवलं आहे की निमिषला दूध चालत नाही आणि ईशा कुत्र्याला घाबरते. त्यांचा कुत्रा बांधून ठेवायचा. चढ फारसा नाही. बसायला दगड आहेत. संध्याकाळी घरी येऊन मी माझ्याच दारात उभी राहून काठाची कुसळं काढली, तेव्हा आतून ‘पाहणी पथक आलं’ म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

रस्ता बघून आले आहे. चांगला आहे. पण एकटीने बघितलेलं मी बघितल्यात धरत नाही.