येरळेकाठची गाडी खाडीच्या वाळूत

औंधहून निघालो तेव्हा अजून उजाडायचं होतं. यजमानांना रजा नव्हती. किल्ली देताना त्यांनी शेजाऱ्यांसमोर बजावलं, "गाडीला काही झालं तर पुन्हा स्टेअरिंगला हात लावायचा नाही." रोज पन्नास पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला हे असं ऐकवायचं. मी फणकाऱ्यानं किल्ली घेतली खरी. गाडी चालवायला शिकून मला चारच महिने झाले होते.

माझे सासरे, मामंजी, मागच्या सीटवर बसले. सुनेच्या शेजारी सासऱ्यानं बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अंगावर घोंगडी, मांडीवर बाजरीच्या भाकरीचं गाठोडं आणि एक हात दाराच्या कडीवर. उमेदीत ते मेंढरं घेऊन दर हिवाळ्यात कोकणात उतरायचे, पण समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता.

"चिपळूणच्या खालतं पाणी खारं व्हतंय," ते सांगत होते. "मेंढरं ते पीत न्हाईत. तिथनंच माघारी फिरायचं. पुढं काय हाय ते बघायचं ऱ्हाऊनच गेलं."

म्हणून हा घाट घातला होता. वाशिष्ठीच्या मुखाशी एक जुवं (खाडीतलं बेट) आहे, तिथली पुळण (समुद्रकाठची वाळू) मोठी सुरेख आणि मासळी ताजी, असं आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं.

कराड मागे टाकलं. कोयनानगरला चहा घेतला आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. एकेका वळणावर मागून "दमानं, दमानं" चालूच होतं. एकदा समोरून ट्रक आला तेव्हा तेही थांबलं. खाली पोफळीला पोचल्यावर मी गाडी बाजूला घेऊन घटाघटा पाणी प्याले. घाट मी एकटीनं उतरवला होता. मला भारी आनंद झाला.

खाडीवर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. धक्क्यावर सावली नव्हती, म्हणून थोडं अलीकडे, झाडांच्या आडोशाला, पाण्यापासून चांगल्या शंभर पावलांवर गाडी लावली. मामंजींनी वाळूवर पाय आपटून पाहिला. "कोरडी हाय. ऱ्हाऊ दे हितंच." आमच्या येरळेच्या पात्रात वर्षातले आठ महिने गाडी उभी केली तरी चाकाला ओल लागत नाही. त्यामुळे दोघांच्याही मनात शंका आली नाही.

तरीवाल्यानं (होडीनं पलीकडे नेणाऱ्यानं) दहा मिनिटांत बेटावर सोडलं. माडांतून चालत पलीकडे गेलो आणि समोर सगळा समुद्र. मामंजींनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यात जाऊन ओंजळ तोंडाला लावली आणि घोट थुंकून टाकला.

"लय खारं. मेंढरांचं बराबर हुतं गड्या," ते स्वतःशीच म्हणाले आणि हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

जेवण तरीवाल्याच्या घरी. त्याच्या बायकोनं तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, बोईट माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मामंजी म्हणाले, "भाकरी दिसाय गोरीपान हाय, पण पोटाला आधार न्हाई." मग त्यांनी गाठोडं सोडून आपली बाजरीची भाकरी आणि ठेचा तिला दिला. ती माऊली ठेच्यानं नाक पुसत पुसत दोन भाकऱ्या खाऊन बसली.

"गाडी कुटं लावलीव?" तिनं सहज विचारलं.

"पलीकडं, वाळूत. झाडांखाली," मी म्हणाले.

तिचा घास हातातच राहिला. "अवो बाई, भरती लागलीय. तिथं पानी चढतं."

होडीतून पलीकडे जाताना मला रडूच कोसळलं. गाडी दिसली तेव्हा पाणी चाकांपासून पंधरा-वीस पावलांवर होतं. मी धावत जाऊन गाडी सुरू केली आणि जोरात रेस दिली. मागची चाकं जागीच फिरली आणि निम्मी वाळूत गेली.

"बंद कर," मामंजी म्हणाले. आवाज अगदी शांत. "मेंढी रुतली म्हंजी वढायची नसती. पायाखाली आधार द्यायचा."

त्यांनी आणि तरीवाल्यानं हातांनी वाळू उपसली. मग मामंजींनी अंगावरची घोंगडी काढली. वीस वर्षं त्यांनी ती जिवापाड जपली होती.

"अहो मामंजी, घोंगडी नको," मी म्हणाले.

"बस आत. दमानं सोड."

चाकांपुढे घोंगडी दुमडून घातली. दोघांनी मागून रेटा दिला. मी दुसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. गाडी थरथरली, चाकांनी घोंगडी पकडली आणि गाडी वर निघाली. थेट रस्त्यावर नेऊनच थांबवली. मागे वळून पाहिलं तर आमच्या चाकांच्या खड्ड्यात पाणी शिरत होतं. घोंगडी मधोमध फाटली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"घोंगडं दुसरं इनता येतंय," ते म्हणाले. "गाडी झ्याक काढलीस पोरी."

ती रात्र तरीवाल्याकडेच काढली. सकाळी होडीनं परत येऊन मी गोड्या पाण्यानं गाडी धुतली आणि दार उघडून मामंजींची वाट पाहत उभी राहिले. ते आले, मागच्या सीटवर फाटकी घोंगडी टाकली आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. मी गाडी सुरू केली. घाट चढताना त्यांनी एकदाही कडी धरली नाही.

समुद्र मी पुन्हा पाहीन, पण त्या परतीच्या प्रवासात मला जेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं, तेवढं पुन्हा वाटेल का, कोण जाणे.

औंधच्या पेठेत यजमान वाट पाहत उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. ओरखडा सापडला नाही. मग पुढचं दार उघडलं आणि वडिलांना तिथं पाहून थबकले.

"मागं बस रं," मामंजी खिडकीवर कोपर टेकवून म्हणाले. "आन् घोंगडीवर पाय दिऊ नगंस."